पाचवी प्रार्थना

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. बोईसरला आमच्या ख्रिस्ती देवळात ते कुणी वापरतही नसे. एसटीत आयुष्यभर कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस, म्हणून लहानथोर सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणत. दुसऱ्यांची नावं देवासमोर मोठ्याने घ्यायला लावणारा हा माणूस स्वतःच्या नावाने हाक मारली तर मागे वळून बघत नसे.

ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. दफनानंतर लोक त्यांच्याविषयी बोलले, आणि बोलता बोलता दोघातिघांनी माझंही कौतुक केलं. काकांनी सुकरी नावाच्या कामगार बाईची बाजू घेतली तेव्हा हा माणूस नोकरीची पर्वा न करता उभा राहिला, असं काहीतरी. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. गप्प राहायचं हा माझा जुना स्वभाव. पण त्यातलं अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं सांगितल्याशिवाय काकांचं चित्र पुरं व्हायचं नाही, आणि मलाही ते आता पोटात ठेववत नाही.

काका अंगाने किरकोळ होते. चालताना मात्र पाय फाकवून, टाचा रोवून चालत. देवळाच्या गुळगुळीत लादीवरही त्यांच्या पायाखाली जव्हारचा घाट चालू असायचा. बाकावर कधी बसले नाहीत. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू असताना मागच्या दारापाशी, खांबाला पाठ लावून उभे. कुणी म्हटलं, "बसा की काका," तर म्हणत, "बसलो तर डोळा लागंल. मंग कोन चढलं, कोन ऱ्हायलं, ते कोन बघंल?" आणि खरंच, एखादा रविवारी दिसला नाही तर सोमवारी त्याच्या दारात काकांची सायकल उभी असे. 'का आला नाहीस' असं विचारायचे नाहीत. "बरा हाईस ना?" एवढंच. माणूस ओशाळून पुढच्या रविवारी पहिल्या रांगेत.

देवळाची किल्ली त्यांच्याकडे असे. मेणबत्त्या, वेदीवरची फुलं, घंटा, सगळं तेच बघत. मिस्सा संपून फादरांनी सगळ्यांना शांतीने जायला सांगितलं की काका घंटेचा दोर दोनदा ओढत. दोनच टोले. नव्याने आलेल्या तरुण फादरांना वाटलं, ही इथली जुनी रीत असेल. एसटीत डबल बेल म्हणजे गाडी सोडा, हे त्यांना कुणीतरी सहा महिन्यांनी सांगितलं. ते हसत हसत जाब विचारायला गेले, तर काका गंभीरपणे म्हणाले, "फादर, मिस्सा हितं संपत नाय. हितनं सुटते."

पण त्यांचं खरं राज्य होतं ते श्रद्धावंतांच्या प्रार्थनांवर. ज्यांना आमची उपासना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रवचन झालं की सभेतला एक जण पुढे येऊन चारपाच छोट्या प्रार्थना वाचतो. धर्मगुरूंसाठी, देशासाठी, आजाऱ्यांसाठी, गोरगरिबांसाठी. प्रत्येक प्रार्थनेनंतर सगळे एका आवाजात म्हणतात, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." बहुतेक ठिकाणी या प्रार्थना छापील पुस्तकातून येतात. वाचणाऱ्याचं लक्ष नसतं, ऐकणाऱ्याचंही नसतं.

आमच्याकडे त्या काका लिहीत. एका वर्षी सणाच्या तयारीत महिला मंडळाने एक प्रार्थना लिहून आणली, 'जगातील सर्व गरिबांसाठी.' काकांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "तिकीट कुठलं?"

"म्हणजे?"

"म्हंजे उतरायचं कुठं देवानं? सर्व गरीब काय एकाच स्टॉपवर उभे हायेत? पालघर स्टेशनवर उतरून तो विचारणार, गरीब कुठं ऱ्हातात म्हनून? गावाचं नाव लिवा, पाड्याचं लिवा, मान्साचं लिवा. काय पायजे ते लिवा."

म्हणून शनिवारी दुपारी ते सायकल काढत. खांद्याला जुनी चामडी बॅग, कानावर पेन्सिल. दांडी गावात मासळी सुकवणाऱ्या बायकांपाशी बसत, बेटेगावच्या भाड्याच्या खोल्यांतून फिरत, गाडी मिळाली तर आत पाड्यांवर जात. संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्यांची चळत गोळा होई. त्यांतून पाच निवडून रविवारी आमच्यापुढे येत. 'खाडीच्या पाण्याने पायांना फोड आलेल्या दांडीच्या हिरूबाईसाठी. ते पाणी तपासायला कुणीतरी नेईल, म्हणून.' असं.

इथवर कुणाला अडचण नव्हती. देवाचं नाव घेऊन कुणाचंही नाव घेता येतं. अडचण सोमवारी व्हायची. देवळाच्या दाराला काका एक कागद चिकटवत. डावीकडे रविवारची प्रार्थना, उजवीकडे आमच्यापैकी एकाचं नाव. ज्याचं नाव, त्याने जायचं. पाण्याची बाटली घेऊन ऑफिसात जायचं, म्हातारीबरोबर रेशनच्या रांगेत उभं राहायचं, पोराच्या शाळेच्या दाखल्यासाठी पालघरला खेप घालायची.

"देवाकडं मागितलं ना आपन?" ते म्हणत. "साध्या पंचायतीत अर्ज टाकला तर चार वेळा जाऊन विचारता, काय झालं म्हनून. आनि देवाकडं अर्ज टाकायचा न् घरी जाऊन इंदेल-पाव खायचा, व्हय?"

आमच्यात एक मोठे बिल्डर होते. त्यांच्या नावासमोर एकदा दांडीची एक म्हातारी आणि रेशनची रांग आली. ते म्हणाले, "काका, मी माझा माणूस पाठवतो."

काका म्हणाले, "शेठ, देवानं पन आदी मान्सं पाठवून बगितली. मंग कळलं त्याला, सोताच जावं लागतं."

बिल्डर गेले. दोन तास उन्हात उभे राहिले आणि परत येऊन महिनाभर रेशनच्या अंगठ्याच्या मशीनबद्दल तावातावाने बोलत राहिले.

काका चुकतही. एकदा एका पाड्यावरच्या बंद हातपंपासाठी सगळ्या देवळाने कळवळून प्रार्थना केली, आणि सोमवारी गेलेला माणूस तिथलंच पाणी पिऊन परत आला. पंप पंधरा दिवसांपूर्वीच दुरुस्त झाला होता. पुढच्या रविवारी पहिली प्रार्थना होती, 'मागच्या वेळी देवाला चुकीची माहिती दिली, त्याबद्दल माफी. आणि पंपाबद्दल आभार.' फादरांना हसू आवरेना. आम्हीही हसत हसतच म्हटलं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

त्या प्रार्थना वाचायचो मी.

मूळचा मी वसईकडचा. नोकरीसाठी बोईसरला आलो आणि इथलाच झालो. चारचौघांत बोलायची मला लहानपणापासून भीती, पण दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं असलं की माझा आवाज सुटतो. काकांनी ते पहिल्याच महिन्यात हेरलं. "सायब, तुमाला सोताचं बोलता येत नाय ना? मंग दुसऱ्याचं बोला. तुमचा आवाज चांगला हाय, फुकट जातोय." चार वर्षं मी वाचत होतो. लोक म्हणायचे, तुम्ही वाचलं की प्रार्थना मनात उतरते. मला ते आवडायचं. वाचून खाली आलो की माझं काम संपलं, असं मला वाटायचं. काकांच्या सोमवारच्या कागदावर माझं नाव कधी नसे. वाचतो ना, म्हणून सूट. ती सूट मी हौसेने घेत होतो, हेही सांगायला हवं.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी खात्यात होतो. गेटपाशी काचेची खोली, समोर येणारीजाणारी माणसं. कंपनीची माणसं नावाने ओळखायची, ठेकेदाराची माणसं पासने. पास म्हणजे फोटो, नाव आणि आमचा शिक्का असलेलं प्लास्टिकचं कार्ड. ते गळ्यात असलं तर माणूस कामावर आहे, नसलं तर तो कुणीच नाही.

सुकरी ठेकेदाराकडून यायची. डोंगराकडच्या पाड्यातली बाई. घरची थोडी भातशेती, पावसावरची. कापणी झाली की नवरा सोमा आणि ती बेटेगावला खोली घेऊन राहत. सोमा आमच्याकडे माल चढवायचा, सुकरी रिकामे ड्रम धुवायची. ड्रम धुणाऱ्या बायकांना संरक्षणाचा चष्मा नव्हता. रबरी हातमोजे होते, तेही एकेका हाताचे. एका सकाळी एका ड्रमात ॲसिड उरलेलं होतं. पाणी सोडल्याबरोबर ते उसळलं आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत गेलं.

तिला रिक्षात घालून नेलं. तासाभराने मॅनेजरने मला बोलावलं. म्हणाला, "ती आज कामावर नव्हतीच. नवऱ्याला डबा द्यायला आली आणि नको तिथे गेली. कुणी विचारलं तर तेवढंच सांगायचं. आणि तिचा पास काढून घे."

मी म्हटलं, "बरं साहेब."

हेच दोन शब्द. पुष्कळदा वाटतं, त्या दिवशी माझा घसा बसलेला असता तर.

संध्याकाळी हॉस्पिटलातून मजुरी मागायला आलेल्या सोमाला मी गेटवर थांबवलं आणि म्हटलं, "सुकरीचा पास दे. मुदत संपत आलीय, नवीन करून देतो." त्याने खिशातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. दोन्ही हातांनी दिलं. मी ते खणात टाकलं आणि खणाला कुलूप लावलं.

पालघरच्या डॉक्टरांनी सोमाला सांगितलं की एक डोळा गेला, दुसरा वाचू शकतो, पण मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात लवकर न्यायला हवं. ती कामावर असताना हे घडलं असं कंपनीने मानलं असतं तर कामगार विम्यातून तिचा सगळा इलाज झाला असता. कंपनी म्हणत होती, ही बाई कोण? आणि ती कोण हे सांगणारा एकच पुरावा माझ्या खणात होता.

त्या आठवड्यात मी वसईला गेलो. आईला भेटायचं निमित्त केलं आणि जिथे मला कुणी ओळखत नाही अशा एका देवळात कुमसारासाठी, पापाच्या कबुलीसाठी, गुडघे टेकले. जाळीपलीकडच्या वयस्कर फादरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाच नमो मरिया म्हणायला सांगितल्या आणि म्हणाले, "जे जिचं आहे ते तिला परत कर." पापक्षमा मी ऐकली. ते शेवटचं वाक्यही ऐकलं, पण बाहेर येईपर्यंत ते विसरून जायचं असं मी ठरवलेलं होतं. पाचही नमो मरिया म्हटल्या, आईसाठी केळी घेतली आणि घरी गेलो.

रविवारी काकांनी नेहमीसारखा कागद माझ्या हातात दिला. वेदीसमोर उभा राहून वाचायला लागलो. चार झाल्या. पाचवी होती:

'बेटेगावात राहणाऱ्या सुकरीसाठी. कारखान्यात ड्रम धुताना तिच्या डोळ्यांत ॲसिड उडालं. ती तिथे कामाला होती हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना बोलायची ताकद मिळावी, म्हणून.'

ती न वाचताच मी कागदाची घडी केली आणि म्हटलं, "आता आपापल्या मनातल्या हेतूंसाठी क्षणभर शांत राहू या."

मिस्सा संपल्यावर वेदीमागच्या खोलीत काका मेणबत्त्या पेटीत भरत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाच चढले व्हते. चारच उतरले."

"नजर चुकली, काका."

"चुकते." पेटी बंद केली. "पुढल्या रविवारी परत लिवतो."

पॅरिश कौन्सिलमधल्या, म्हणजे देवळाच्या कारभारी मंडळातल्या एकाने तेवढ्यात डोकं आत घालून म्हटलं, "काका, नाही वाचली ते बरंच झालं. ती बाई आपल्यातली नाही, ख्रिस्ती नाही. उगाच लोक म्हणतील, हे तिला बाटवायला निघालेत."

"म्हनून तर तिला हितं बोलवत नाय," काका म्हणाले. "तिनं यायचं नाय, आपन जायचं. गाडीत तिकीट फाडताना कुनाला देव विचारला नाय मी. आता विचारू?"

पुढच्या रविवारी माझा घसा बसला. म्हणजे बायकोला मी तसं सांगितलं आणि घरीच पडून राहिलो. ती मिस्साहून आली, डोक्यावरचा स्कार्फ सोडला आणि म्हणाली, "आज चारच वाचल्या. काकांनी पाचवी वाचूच दिली नाही कुणाला. म्हणाले, ज्याची हाय तो वाचंल." मग स्वयंपाकघरात गेली आणि तिथून विचारलं, "तुमचा घसा नक्की कधीपासून बसलाय हो?"

मी पांघरूण डोक्यावर ओढलं. तिने परत विचारलं नाही. पण त्या दिवशी तिने माझ्यासाठी गरम पाणीही केलं नाही.

शनिवारी काका घरी आले. चहा घेतला. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "सायब, सायकल मारवत नाय आज. बेटेगावला जरा स्कूटरवर सोडा." नाही म्हणायला जमलं नाही. वाटेत हातानेच वळणं दाखवत होते. खोल्यांच्या रांगेपाशी स्कूटर थांबवली तेव्हा मला कळलं आपण कुणाच्या दारात आलोय. मी म्हटलं, "तुम्ही या जाऊन, मी इथेच थांबतो."

पण सोमाने मला पाहिलं होतं. तो आतून लोटीभर पाणी घेऊन धावत आला. तोंडावर हसू. "साहेब, तुमी सोता आले? सुकरे, आपले गेटवरचे साहेब आले ग!" आणि काकांकडे वळून म्हणाला, "ह्यांनी पास नेलाय तिचा. नवा करून देनार हायेत. पास आला का मंग कंपनी आमाला नाय म्हनू शकनार नाय. हाय ना साहेब?"

दारातून आत खाटेवर बसलेली सुकरी दिसत होती. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. आवाजाच्या दिशेने तिने तोंड वळवलं आणि पदर सारखा केला.

मी पाणी प्यालो. "हो," म्हटलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आत जाऊन तिच्यापाशी बसले, दहाएक मिनिटं बोलले, चिठ्ठी लिहिली आणि बाहेर आले. परतीच्या वाटेवर शेताच्या बांधापाशी म्हणाले, "थांबवा जरा." मला वाटलं, आता झाडतील. मी तयारच होतो. खरं तर झाडावं असंच वाटत होतं.

ते बांधावर बसले आणि स्वतःबद्दल बोलायला लागले. नोकरीतल्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. घाटात एक बाई चढली होती, पोटुशी, डोक्यावर सरपणाची मोळी. तिकिटावरून वाद झाला. तिच्याकडे थोडे सुटे कमी होते. गाडीतले लोक हसत होते, यांना राग आला, आणि मधल्याच वळणावर बेल मारून तिला खाली उतरवलं.

"नियम काय तसा नव्हता," काका म्हणाले. "माजाच माज. नवी नवी बॅग खांद्यावर आली व्हती. ती खाली उतरली न् मोळी ठेवून गाडीकडं बगत उभी ऱ्हायली. मी डबल बेल मारली."

"मग?"

"मंग काय. दुसऱ्या दिवशी थितं गेलो, नव्हती. आजूबाजूच्या पाड्यांवर विचारलं, कोन सांगनार? नावच ठाव नाय मना. कुमसारात सांगितलं. फादरनं माफी दिली, देवानं पन दिली असंल. तो देतो. पन सायब, ती बाई माज्यासाठी अजून थितंच उभी हाय. बिननावाची." मग माझ्याकडे वळले. "तुमचं बरं हाय. तुमच्या बाईचं नाव तुमाला ठाव हाय. घर ठाव हाय. अजून गाडी सुटली नाय तुमची."

पासबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. शेवटपर्यंत नाही. स्कूटरवर बसताना फक्त म्हणाले, "हळू घ्या, कंबर दुखते."

दुसऱ्या दिवशी मी वाचायला उभा राहिलो. खिशात पास होता. शनिवारीच संध्याकाळी कारखान्यात जाऊन खणातून काढून आणला होता. चार प्रार्थना झाल्या. पाचवी शेवटपर्यंत वाचली, आणि वाचून झाल्यावर तिथेच उभा राहिलो. पुढचं कागदावर नव्हतं. माझं स्वतःचं होतं, त्यामुळे आवाज फुटेना.

"सुकरी तिथे कामाला होती," मी म्हटलं. "मला ठाऊक आहे. तिचा पास मी खोटं बोलून नवऱ्याकडून काढून घेतला. तो माझ्याकडे आहे. हा."

समोर बसलेल्यांत आमच्या कारखान्यातले सातआठ जण होते, एक तर मॅनेजरच्या हाताखालचा. अशा वेळी सभेने उत्तर द्यायचं असतं. कुणी देईना. फादर वेदीपाशी उभे, त्यांनाही सुचेना. मी मागे दाराकडे पाहिलं. काका खांबाला टेकून, नजर खाली. ते बोलणार नाहीत हे मला कळलं.

तेवढ्यात डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावरून एकच आवाज आला. माझ्या बायकोचा. घरात कधी वर न चढणारा आवाज. "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

मग सगळे बोलले. मला वाटतं, छताची कौलं हलली असतील. पण तेव्हा मला फक्त पहिलाच आवाज ऐकू येत होता.

सोमवारच्या कागदावर पाचव्या प्रार्थनेसमोर माझं नाव होतं. चार वर्षांत पहिल्यांदा.

पुढचं थोडक्यात. माझी नोकरी गेली. एका शाळेच्या ऑफिसात मला काम मिळालं, अजून तिथेच आहे. आमच्यातल्या केरळच्या दोन नर्सनी त्याच आठवड्यात सुकरीला मुंबईला नेऊन दाखल केलं. उरलेला डोळा पुरता गेला नाही. जाड भिंगाच्या चष्म्यातून तिला माणसं दिसतात, रस्ता दिसतो, भाताची लोंबी दिसते. पुढे ती कारखान्याची कामगार होती असा निकालही झाला. आता तिथे ड्रम धुणाऱ्या प्रत्येक बाईच्या डोळ्यांवर चष्मा आहे. मी नव्हे, सुकरीने भांडून तो मिळवला. यंदाच्या भातकापणीला ती घरी गेली तेव्हा तिने नव्या तांदळाची एक पिशवी आमच्याकडे पाठवली.

पण मुंबईच्या डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं की आणखी थोडं आधी आणलं असतं तर या डोळ्याची बरीच जास्त नजर वाचली असती. ते 'थोडं आधी' म्हणजे माझे दोन रविवार. एक मी घडी करून खिशात घातला आणि एक पांघरूण घेऊन झोपून काढला. माझं कौतुक करणाऱ्यांना हे ठाऊक नाही. काकांना ठाऊक होतं. त्यांनी ते कधी काढलं नाही, आणि कधी पुसूनही टाकलं नाही. मी एकदा म्हटलं, "काका, देवाने मला माफ केलं असेल का हो?" तर म्हणाले, "मना काय विचारता? मी काय त्याचा डेपो मॅनेजर हाय? जिला विचारायचं तिला विचारा."

तिला मी पालघरला विचारायला गेलो. तेच शेवटी सांगतो.

कामगार कार्यालयात सुनावणी होती. सुकरी, सोमा, काका आणि मी. अधिकारी मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. मी पास टेबलावर ठेवला, सगळं सांगितलं, सही केली. त्यांनी सुकरीला विचारलं, "यांना ओळखता?"

सुकरीने चष्म्याआडून मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "गेटवरचा साहेब. रोज दिसं. बोलं नाय कवा."

बाहेर आलो. काका आणि सोमा चहाच्या टपरीकडे गेले. काकांनीच त्याला मुद्दाम नेलं असावं. जिन्यापाशी मी आणि सुकरी, दोघंच. मी म्हटलं, "सुकरी, तुझी जी नजर गेली त्यात माझा हात आहे. पास मी दडवला. दोन रविवार मला बोलता आलं असतं, बोललो नाही."

"ठाव हाय मना," ती म्हणाली. "सोमानं सांगलं."

मी थांबलो. ती रडेल, शिव्या देईल किंवा 'जाऊ दे साहेब' म्हणेल, या तिन्हींसाठी मी मनाची तयारी केली होती. तिने यातलं काहीच केलं नाही. कठड्याला धरून ती विचार करत होती.

मग म्हणाली, "आता बोलाय लागलास ना?"

"हो."

"मंग माज्या जावेचं पन सांग. रखमी. ती बी थितंच ड्रम धुवं, माज्या बाजूला. तिला तं पासच नाय दिला कवा. आज मी हाय, उद्या तिला काय झालं तं कोन म्हनंल ती व्हती म्हनून? तू बगितलंस ना तिला रोज?"

पाहिलं होतं. रोज, काचेतून. नाव ठाऊक नव्हतं.

मी जिना चढून परत वर गेलो. अधिकारी बाई जेवायला उठल्या होत्या, हातात डबा होता. मी दारात उभा राहून म्हटलं, "मॅडम, अजून एक नाव लिहून घ्यायचंय."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग डबा खाली ठेवला आणि पेन उघडलं.

"सांगा."